अकरा मजल्यांचं औषध

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसांत त्यांना सगळे पाचमिनिटे म्हणत. खरं आडनाव वेगळं होतं, पण ते पगाराच्या यादीपुरतं उरलं होतं, आणि एकदा तर नव्या कारकुनाने तिथेही 'पाचमिनिटे' असंच लिहून टाकलं होतं. कारण साधं होतं. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली, आत माणसं ओरडायला लागली, की हे बाहेरून दाराच्या फटीला तोंड लावून सांगायचे, "घाबरू नका, मी आलोय. पाच मिनिटांत काढतो." मग पाच मिनिटं लागोत नाहीतर दीड तास. एका वकिलाला सव्वादोन तासांनी बाहेर काढलं तेव्हा तो भडकून म्हणाला, ही तुमची पाच मिनिटं? तर यांनी शांतपणे सांगितलं की साहेब, दोन तास म्हटलं असतं तर तुम्ही आतच आडवे झाला असता. अंधारात अडकलेला माणूस पाच मिनिटं धीर धरू शकतो. ती संपली की त्याला पुढची पाच द्यायची असतात.

घरातही हा विनोद चांगला मुरला होता. कामावरून फोन करून हे म्हणाले, पाच मिनिटांत निघतो, की बायको विचारायची, "तुमची पाच मिनिटं की खरी?" आणि धाकटी मुलगी आईच्या कमरेला लटकून तेच आईच्या आवाजात विचारायची. बायको जाऊन आता सहा वर्षं झाली होती. मुलगी एकोणतीस वर्षांची होती आणि काहीच विचारत नव्हती.

तेविसाव्या वर्षापर्यंत ती शाळेत गणित शिकवायची, आणि ज्या मुलांना गणित म्हटलं की पोटात गोळा येतो त्यांनाही शिकवायची. मग तिला दोन पुरुषांचे आवाज ऐकू यायला लागले. ते तिच्याशी बोलत नसत, तिच्याबद्दल आपापसात बोलत. आता ती खडू उचलते. आता ती चुकणार. बघ, चुकली. वर्गात, न्हाणीघरात, उशीवर डोकं टेकलं तरी. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं त्यानंतर आठ दिवस घरात कुणी ते नाव उच्चारलं नाही. शेवटी पाचमिनिट्यांनीच त्या दोघांना भाडेकरू म्हणायला सुरुवात केली. भाडं द्यायचं नाही आणि जागाही सोडायची नाही, अशी जात. मुलगी त्यावर हसली होती. त्यानंतर कितीतरी वर्षं ती हसली नाही.

तीन वेळा तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. गोळ्यांनी भाडेकरूंचा आवाज खाली आला, पण त्याच्याबरोबर मुलगीही कुठेतरी खाली जाऊन बसली. खुर्चीत बसली की दिवस तिथेच मावळायचा. अंगावर वीस किलो चढले. दात घास म्हटलं की घासायची, आणि पुरे म्हणेपर्यंत घासत राहायची. नातेवाइकांनी आपलं काम चोख केलं, म्हणजे सल्ले दिले. एक मामी म्हणाली, लग्न लावून द्या, आपोआप ताळ्यावर येईल. पाचमिनिट्यांनी तिला चहासुद्धा विचारला नाही.

थोरला मुलगा दुसऱ्या शहरात असायचा. त्याला वाईट म्हणता येणार नाही, आणि हीच पाचमिनिट्यांची अडचण होती. वाईट असता तर भांडता आलं असतं. दोन वेळा बहिणीला दवाखान्यात त्यानेच पोचवलं होतं, रात्र रात्र तिच्या उशाशी बसला होता. त्याने एक संस्था शोधून काढली होती, शहराबाहेर, जिथे असे रुग्ण कायमचे राहतात. तो म्हणाला, बाबा, तुम्ही सहासष्ट वर्षांचे आहात, तुमच्या काळजात स्टेंट घातलेला आहे, तुम्हाला जिना चढायची मनाई आहे. तुमच्यामागे तिला कोण बघणार?  पाचमिनिट्यांनी फक्त मुदत मागितली. तीन महिन्यांत मुलीत फरक दिसला तर ती घरी राहील, नाही दिसला तर ते कागदावर सही करतील. मुलगा कबूल झाला.

मुदत मागण्यामागे नव्या डॉक्टरबाई होत्या. किडकिडीत, पायात धावायचे बूट, बोलायला फटकळ. त्या म्हणाल्या की गोळ्या आवाज दाबतात, पण ही सुस्ती, हे मिटून जाणं, याला त्या फारशा पुरत नाहीत. त्यासाठी हिचं हृदय जोरात धडधडलं पाहिजे. आठवड्यातून तीनदा, पाऊण तास, आणि दम इतका लागायला हवा की बोलता येईल पण गाता येणार नाही. काही रुग्णांचं याने डोकं हलकं होतं, लक्ष लागायला लागतं. सगळ्यांचं होतंच असं नाही. बारा आठवडे करून बघा. आणि मग त्या दोन वेळा म्हणाल्या, "हे गोळ्यांच्या जोडीला आहे. गोळ्यांच्या जागी नाही." पाचमिनिट्यांनी दोन्ही वेळा मान डोलावली. मान डोलावण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आधी रस्त्यावर चालून पाहिलं. तिसऱ्या कोपऱ्यावर मुलगी भिंतीला पाठ लावून, कानांवर हात ठेवून उभी राहिली, कारण रस्त्यावरचा प्रत्येक माणूस तिच्याचबद्दल बोलत होता. तिथून तिला घरी आणायला पाऊण तास लागला. मग व्यायामशाळा झाली. तिथे चहूबाजूंनी आरसे आणि कानठळ्या बसवणारी गाणी, ती दोन मिनिटांत बाहेर. पाचमिनिट्यांनी हातच टेकले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं होतं, पण ते कळायला आणखी चार दिवस जावे लागले.

कचेऱ्यांच्या एका जुन्या इमारतीच्या दोन लिफ्ट अजून त्यांच्याकडे होत्या. तळमजल्याच्या वर अकरा मजले, प्रत्येक मजल्याला बावीस पायऱ्या, आणि जिना लिफ्टच्या शेजारूनच वर जाणारा. कचेऱ्या नऊला उघडायच्या. साडेसहाला तिथे चिटपाखरूही नसे. दोन्ही बाजूंना भिंती, आरसे नाहीत, गाणी नाहीत, माणसं नाहीत. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे वार ठरले. मुलगी जिन्याने चढायची आणि बाप लिफ्टने. जन्मभर लोकांचे जिने वाचवणारा माणूस आपल्या पोरीला जिना चढायला लावत होता, आणि स्वतः लिफ्टमध्ये बसून होता. याची त्यांना लाज वाटायची. पण काळीज परवानगी देत नव्हतं.

पद्धत अशी होती. ते लिफ्ट पुढच्या मजल्यावर नेऊन दार उघडून उभे राहायचे, म्हणजे वळणावरून तिला आपला बाप दिसावा. ती पोचली की म्हणायचे, "पहिला." तिने एक अख्खं वाक्य बोलून दाखवायचं. बोलता आलं तर पुढे, नाही आलं तर पायरीवर बसून दम घ्यायचा. डॉक्टरबाईंची परीक्षा त्यांनी अशी मजल्यामजल्यावर बसवली होती.

पहिल्या दिवशी ती दोन मजले चढली आणि पायरीवर बसली ती उठेना. वाक्य तर सोडाच, हुंकारही नाही. दुसऱ्या आठवड्यात चौथ्या मजल्यावर तिला ओकारी झाली. ती पुसून काढताना पाचमिनिट्यांना वाटलं, हे सगळं पालथ्या घड्यावर पाणी आहे, आणि आपण म्हाताऱ्याच्या हट्टापायी पोरीचे हाल करतोय. तिसऱ्या आठवड्यात तर त्यांनी नको ते केलं. ती तिसऱ्या मजल्यावर भिंतीला टेकून राहिली तेव्हा ते म्हणाले, नाही चढलीस तर दादा तुला संस्थेत ठेवणार आहे. ती उठली आणि पाचव्यापर्यंत चढली, एकदाही न थांबता, डोळ्यांतून पाणी गळत असताना. त्या दिवशी घरी आल्यावर बायकोच्या फोटोकडे बघायचीही त्यांची हिंमत झाली नाही.

सहाव्या आठवड्यात, एका बुधवारी, ते दार उघडून म्हणाले, "सातवा." मुलगी कठड्याला धरून श्वास घेत होती. कपाळावर घाम होता, गाल लाल झाले होते. तिने वर पाहिलं, अगदी सरळ त्यांच्याकडे.

"सातव्याला ते थांबतात," ती म्हणाली. "त्यांना दम लागतो."

"कुणाला?"

"भाडेकरूंना."

पाचमिनिट्यांनी मान हलवली, लिफ्टचं दार लावलं, आणि सातव्या-आठव्याच्या मध्ये लिफ्ट थांबवून ढसाढसा रडले. मग तोंड पुसून आठव्यावर दार उघडलं.

तिथून पुढे गाडी रुळावर आली. सातव्या आठवड्यात अकरा मजले पुरे झाले. अकराव्यावर ती लिफ्टमध्ये यायची, तळमजल्याचं बटण स्वतः दाबायची, आणि दोघं दाराकडे तोंड करून खांद्याला खांदा लावून खाली यायचे. तिथून घरी. मजल्यावरचं वाक्यही आता ती गणितातलं बोलायला लागली होती. सहावा म्हटलं की म्हणायची, सहाला दोघं-तिघं भागतात. नववा म्हटलं की, नऊ म्हणजे तिनाचा वर्ग. आणि अकराव्याला, धापा टाकत पण ऐटीत, "अकराला कुणी भागत नाही." घरी तिने आपणहून केस विंचरले. चहात साखर कमी आहे म्हणाली. दादाचा फोन आला तेव्हा त्याला म्हणाली की तुझा आवाज बसलाय, सर्दी झालीय का?  पाचमिनिटे शिट्टी वाजवायला लागले. लिफ्टच्या बोळकांडीत काम करताना तरुणपणी ते वाजवायचे तशी, सूर नसलेली. बायको गेल्यापासून ती घरात ऐकू आली नव्हती.

इथे थांबायला हवं होतं. पण सुख आलं की माणसाचे हात शिवशिवतात.

लिफ्टमधला बिघाड शोधायची एक रीत असते. दहा-बारा वायरी एकाच कामाला जोडलेल्या असतात, आणि कुठली काम करते, कुठली नुसती लटकलीय, हे बाहेरून कळत नाही. मग एकेक वायर सोडवायची आणि बघायचं. काही फरक पडला नाही तर ती वायर बिनकामाची. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते असं शोधतात, आणि यात पाचमिनिट्यांइतका पक्का माणूस सबंध शहरात नव्हता. त्यांनी मुलीकडे बघितलं. संध्याकाळच्या पिवळ्या गोळीने तिची जीभ जड व्हायची, बोटं थरथरायची, सकाळी चौथ्या मजल्यापर्यंत तिला जाग येत नसे. आणि भाडेकरू तर सातव्या मजल्यावर आपोआप गळतात. मग भार नक्की कोण उचलतंय, गोळी की जिना? ती गोळी काढून पाहिली तर? मुदत संपल्यावर मुलगा येईल तेव्हा त्याला नुसती सुधारलेली बहीण कशाला दाखवायची, बरी झालेलीच दाखवू. अति तेथे माती, हे त्यांनी शंभर वेळा दुसऱ्यांना सांगितलं होतं. आठव्या आठवड्यापासून त्यांनी पिवळी गोळी काढून फ्यूज ठेवायच्या जुन्या डब्यात टाकायला सुरुवात केली. डॉक्टरबाईंना विचारलं नाही. त्या काय म्हणतील ते त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाही.

या रीतीचा पहिला नियमही त्यांना ठाऊक होता. हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला त्यांनी तो दरडावून शिकवला होता. आत माणूस असताना वायर सोडवायची नाही. आधी लिफ्ट रिकामी करायची.

पहिले दहा दिवस तर सोन्यासारखे गेले. मुलगी गजर व्हायच्या आधी उठायची. पाचमिनिटे मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत राहिले. दहाव्या आठवड्यात तिची गणितातली वाक्यं बंद झाली. सहावा म्हटलं की नुसतं "हं". मग ती जेवताना ताटावर हात धरायला लागली, कुणी वरून बघतंय म्हणून. अकराव्या आठवड्यातल्या बुधवारी त्यांनी सातव्यावर दार उघडून हसत विचारलं, भाडेकरू गळले का? ती म्हणाली, "आता त्यांना दम लागत नाही."

ते वाक्य त्यांनी नीट ऐकलं. दोरखंडाचा एखादा बारीक आवाज बदलला तरी धावती लिफ्ट थांबवणारा हा माणूस, पण त्या दिवशी तो दार लावून आठव्या मजल्यावर गेला.  गुरुवारी त्यांनी ठरवलं की शुक्रवार संध्याकाळपासून गोळी परत चालू करायची. गुरुवारीच का नाही? कारण शुक्रवारी सकाळी ती पुन्हा अकराला कुणी भागत नाही म्हणेल, आणि आपलं काही चुकलं नव्हतं असं ठरेल, अशी आशा त्यांना होती. आशेने माणूस आंधळा होतो तो असा.

शुक्रवारी ते तिच्याआधी वर जाऊन मशीनरूममध्ये तेल घालून आले. मशीनरूम गच्चीवर होती, अकराव्यापुढच्या पायऱ्या ते थांबत थांबत चढायचे. खाली येताना त्यांनी गच्चीच्या दाराला कुलूप अडकवलं, पण दाबलं नाही, कारण काम संपल्यावर पुन्हा वर यायचंच होतं. आयुष्यात त्यांनी असं कधी केलं नव्हतं. मग मुलगी चढायला लागली. पाचव्यापर्यंत ठीक होतं. सहाव्यावर त्यांनी दार उघडलं तर ती त्यांच्याकडे न बघता पुढे गेली. सातव्यावर ते पोचले तेव्हा ती आधीच वरच्या वळणावर होती, पळत. त्यांनी हाक मारली. आठव्यावर दार उघडलं, कुणी नाही. सरळ अकराव्याचं बटण दाबलं. दार उघडलं तेव्हा डोक्यावर पावलं वाजत होती, आणि मग गच्चीचं लोखंडी दार आपटलं.

 गच्चीपर्यंत बावीस पायऱ्या होत्या. त्या कशा चढले ते त्यांना पुढे कधीच आठवलं नाही.

मुलगी कठड्यावर दोन्ही तळहात टेकून उभी होती. खाली शहर जागं होत होतं. ती हळू आवाजात कुणाशी तरी बोलत होती. दाराशी चाहूल लागली तशी मान न वळवता म्हणाली, "बाबा, ते म्हणतात अजून मजले आहेत."

"नाहीत, बाळ. अकराच आहेत. लिफ्ट बसवली तेव्हा मी होतो इथे."

"तुम्हाला दिसत नाहीत."

पाचमिनिट्यांच्या छातीत डावीकडून कळ आली आणि दंडात उतरली. ते भिंतीला धरून खाली बसले. आता बोललं नाही तर बोलायला वेळ उरणार नाही, एवढंच त्यांना कळत होतं.

"मी तुझी संध्याकाळची गोळी बंद केली," ते म्हणाले. "तीन आठवडे झाले. म्हणून ते परत आलेत. चूक माझी आहे. वर मजले नाहीत."

"माहीत आहे," मुलगी म्हणाली. "आधी हातावर दोन गोळ्या पडायच्या, आता एक पडते. मला मोजता येतं."

"मग बोलली का नाहीस?"

 "तुम्ही शिट्टी वाजवायला लागला होतात."

पाचमिनिट्यांना वाटलं, ही कळ आता आपल्याला नेईल तर बरं. पोरीने बापाची शिट्टी चालू राहावी म्हणून स्वतःच्या डोक्यात ते दोघं परत येऊ दिले होते, आणि बापाला वाटत होतं आपण हुशार. त्यांनी डोळे मिटले. मग उघडले, कारण ती अजून कठड्यापाशीच होती.

"मला खाली नेतेस का? मला उठता येत नाही."

हे काही तिला तिथून हलवायला केलेलं सोंग नव्हतं. खरंच उठता येत नव्हतं. तिने वळून पाहिलं. ती कुणाचं तरी ऐकत होती, मान तिरकी करून, आणि ते ऐकणं संपता संपत नव्हतं. मग तिने कठड्यावरचा एक हात काढला, नंतर दुसरा, आणि येऊन त्यांच्या काखेत हात घातला. अकरा आठवडे जिना चढलेले पाय होते ते. तिने बापाला उचलूनच उभं केलं. जिन्याच्या वळणावर थांबवून म्हणाली, "दम घ्या. बोलता आलं पाहिजे."

त्याच दिवशी तिला दवाखान्यात दाखल करावं लागलं. पाचमिनिट्यांच्या छातीवर उपचार झाले, दोन दिवस त्यांना झोपवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी मुलगा आला, आणि डॉक्टरबाईंनी दोघांना खोलीत बोलावलं. त्यांच्यापुढे मुलीची फाइल होती. त्या गोंधळलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, आठव्या आठवड्यात ही इतकी सुधारली होती, मग एकदम काय झालं? गोळ्यांत काही बदल झाला होता का?

हा प्रश्न येणार हे पाचमिनिट्यांना बाहेरच्या बाकावर बसल्यापासून माहीत होतं, आणि त्यांनी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला होता. नाही म्हटलं तर फाइलीत लिहिलं जाईल की गोळ्याही हरल्या आणि व्यायामही हरला, आणि हिच्यावर पुन्हा कुणी काही करून बघणार नाही. हो म्हटलं तर मुलगा तिला त्यांच्या हाती एक दिवस ठेवणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर. आडात कोण पडणार, पोरगी की आपण, एवढंच ठरवायचं होतं.

"मी एक गोळी बंद केली होती," ते म्हणाले. "काय होतं बघायला. माणूस आत असताना मी वायर सोडवली."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मुलाला शेवटचं वाक्य समजलं, कारण तो लहानपणापासून तो नियम ऐकत आला होता. तो आवाज न चढवता म्हणाला, "ती पडली असती तर मला काय सांगणार होतात, बाबा? लाइन चेक करत होतो म्हणून?"

डॉक्टरबाई म्हणाल्या की व्यायामाचा हिला उपयोग झाला होता, यात शंका नाही, आणि तो चालू राहायला हवा. तसं त्यांनी कागदावर लिहून दिलं. पुढचं ठरवणं घरच्यांचं होतं. महिन्याभराने मुलाने संस्थेचा कागद समोर ठेवला तेव्हा पाचमिनिट्यांनी वाद घातला नाही. त्यांचा आता स्वतःवरच भरवसा नव्हता. त्यांनी सही केली, आणि फ्यूजच्या डब्यातल्या गोळ्या मोरीत ओतून टाकल्या.

संस्था स्वच्छ होती. माणसंही बरी होती. लांबलचक बैठी इमारत, पुढे ओसरी, आणि ओसरीला एकच पायरी. पाचमिनिट्यांनी डॉक्टरबाईंचा कागद तिथल्या मुख्य बाईंना दिला. त्यांनी तो वाचला, फाइलीला लावला आणि सांगितलं की साठ रुग्णांमागे आमच्याकडे चार माणसं आहेत, एकेकीला पळवायला कुठून आणू? ते खोटं नव्हतं. भेटायची वेळ रविवारी दहा ते बारा. पहिल्या तीन रविवारी मुलगी खुर्चीत बसून होती. गोळ्या सुरू होत्या, भाडेकरू दबले होते, आणि तीही त्यांच्याबरोबर दबली होती. चेहरा पुन्हा सुजला होता. पाचमिनिटे तिच्या शेजारी बसायचे, दोन तास बोलत राहायचे आणि घरी यायचे. घरी आल्यावर कुणाशी बोलायचं हा प्रश्नच नव्हता.

चौथ्या रविवारी त्यांनी खुर्ची ओसरीच्या कडेला ओढली, तिला पायरीपाशी उभं केलं आणि स्वतः खुर्चीत बसले. म्हणाले, एक पाय वर, मग दुसरा, मग खाली. बावीस वेळा केलं की एक मजला. ती नुसती उभी राहिली. त्यांनी तिचा गुडघा हाताने उचलून पायरीवर ठेवला. एक. मग दुसरा. बाकीच्या बायका येऊन बघायला लागल्या, एकजण हसायला लागली. पाचमिनिटे मोजत राहिले. त्यांना माहीत होतं की आठवड्यातून तीनदा व्हायला हवं आणि ते एकदाच होणार आहे. तरी मोजत राहिले.

"पहिला."

ती काही बोलली नाही. तिसऱ्या मजल्याला तिच्या कपाळावर घाम आला. पाचव्याला श्वास वाजायला लागला. सातव्याला त्यांनी विचारलं नाही, विचारायची भीती वाटली. नववा झाला तेव्हा तिचे गाल लाल झाले होते आणि ती आपल्या आपण पाय उचलत होती. हसणारी बाई आता त्यांच्याबरोबर मोजत होती.

"अकरावा," पाचमिनिटे म्हणाले. 

मुलगी पायरीवर थांबली. कितीतरी वेळ तिची छाती वरखाली होत होती. मग ती ओसरीवर आली, त्यांच्या शेजारी, आणि अंगणाकडे तोंड करून ताठ उभी राहिली. बोट पुढे करून हवेत काहीतरी शोधलं. पाचमिनिट्यांना आधी कळलं नाही, मग कळलं. अकराव्या मजल्यानंतर लिफ्ट असते. लिफ्टनंतर तळमजला, आणि तळमजल्यानंतर घर. ते खुर्चीतून उठले आणि तिच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. समोर अंगण होतं आणि फाटक.

"बाबा, अडकली का?" तिने विचारलं.

"हं. अडकलीये."

"किती वेळ लागेल?"

चाळीस वर्षांत त्यांनी हे उत्तर हजार माणसांना दिलं असेल, आणि एकदाही जीभ अडखळली नव्हती.

"पाच मिनिटं," ते म्हणाले.

मुलीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, अगदी सरळ, सातव्या मजल्यावर पाहिलं होतं तसं. मग आईच्या आवाजात विचारलं, "तुमची पाच मिनिटं की खरी?"

पाचमिनिट्यांनी तिचा हात धरला.  आत बारा वाजल्याची घंटा झाली, आणि मुख्य बाई भेटायला आलेल्यांना निघायला सांगायला बाहेर आल्या.